यूकेत मीडिया अँड कम्युनिकेशनचं एमए: कोर्स निवडण्यापासून डिसर्टेशन आणि पुढच्या व्हिसापर्यंत सगळं सविस्तर

बीएएमएमसी (मीडियाची पदवी) झालं, किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता झाली, किंवा एखाद्या पेपरात-चॅनलमध्ये दोनतीन वर्षं काम झालं की बऱ्याच जणांच्या डोक्यात यूकेचं एमए यायला लागतं, कारण ते एका वर्षात होतं आणि पदवीचा विषय थोडा वेगळा असला तरी चालतो. मी लीड्समध्ये मीडिया अँड कम्युनिकेशन केलं, आणि तेव्हापासून पुणे, कोल्हापूर, नाशिक, पणजी, सगळीकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट सगळं लिहून ठेवतेय. एजंट लोक अ‍ॅडमिशनपर्यंतच सांगतात. खरा कठीण भाग तिथे पोचल्यावर सुरू होतो, त्यामुळे इथे त्यावर जास्त लिहिलंय. आणि एक मत सुरुवातीलाच सांगते: आपण मराठी पेपर, मराठी चॅनल, घरच्या टीव्हीसमोरच्या चर्चा यात वाढलोय ही तिथे नेण्याची सगळ्यात मोलाची शिदोरी आहे, ती इथेच ठेवून जाऊ नका.

पायरी १: कोर्स थिअरीचा आहे की प्रॅक्टिसचा ते आधी बघा

हे न बघता अर्ज करणाऱ्यांना नंतर सगळ्यात जास्त त्रास होतो. यूकेत "मीडिया अँड कम्युनिकेशन" असं नाव असलेलं एमए किंवा एमएससी बहुतेक वेळा थिअरीचं असतं, म्हणजे वाचन, सेमिनार (छोट्या गटातली चर्चा), निबंध आणि शेवटी डिसर्टेशन, म्हणजे मोठा प्रबंध. कॅमेरा हातात येईलच असं नाही. "ब्रॉडकास्ट जर्नलिझम", "टीव्ही प्रॉडक्शन" किंवा "इंटरनॅशनल जर्नलिझम" असं नाव असेल तर बातमी लिहिणं, शूट, एडिटिंग, न्यूजडे वगैरे जास्त. पण नावावर विसंबू नका, कोर्सच्या पानावर मॉड्यूलची (म्हणजे विषयांची) यादी असते ती उघडा आणि प्रत्येक मॉड्यूलचं मूल्यमापन कसं होतं ते वाचा. तीन हजार शब्दांचा निबंध, तीन हजार शब्दांचा निबंध असंच खालपर्यंत दिसलं तर तो थिअरीचा कोर्स. पोर्टफोलिओ, न्यूज पॅकेज, प्रोजेक्ट असं दिसलं तर प्रॅक्टिस.

ज्यांना न्यूजरूममध्येच जायचंय त्यांनी एनसीटीजे किंवा बीजेटीसीची मान्यता आहे का तेही बघावं, पत्रकारितेच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या या दोन संस्थांना तिथल्या इंडस्ट्रीत मान आहे. पण एनसीटीजेच्या अभ्यासात यूकेचा मीडिया कायदा, तिथल्या नगरपालिका-सरकारचा कारभार, शॉर्टहँड असं असतं, म्हणजे परत येऊन मराठी पत्रकारिता करायची असेल तर त्यातलं किती वापरात येईल याचा विचार करा.

थिअरीचा कोर्स कमी दर्जाचा असतो हा समज मात्र काढून टाका. मीडियाचा गंभीर अभ्यास जिथे उभा राहिला त्यात ब्रिटन फार महत्त्वाचं आहे. बर्मिंगहॅमला १९६४ मध्ये समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं, नंतर जमैकाहून शिकायला आलेले स्टुअर्ट हॉल तिथे संचालक झाले, लेस्टरला १९६६ मध्ये मास कम्युनिकेशन संशोधनाचं केंद्र निघालं. हॉल स्वतः परदेशी विद्यार्थी म्हणून इंग्लंडला आले होते, हे मला तिथे असताना खूप बळ देऊन गेलं. रिसर्च, पॉलिसी, एनजीओ कम्युनिकेशन, ऑडियन्स रिसर्च, प्राध्यापकी अशा वाटेला जायचं असेल तर थिअरीचाच कोर्स घ्या, बिनधास्त घ्या.

पायरी २: पैशाचं गणित कागदावर मांडा

फी साधारण २० हजार पाउंडांपासून ३० हजारांपर्यंत, लंडनच्या नावाजलेल्या ठिकाणी त्याहून वरही. राहण्याच्या खर्चासाठी व्हिसाचा जो नियम आहे तोच पाया धरा: नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पाउंड आणि लंडनमध्ये १,५२९ पाउंड, नऊ महिन्यांचे दाखवावे लागतात, म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ आणि लंडनला १३,७६१. पण राहायचं असतं बारा महिने, त्यामुळे घरी हिशोब बारा महिन्यांचाच करा. त्यावर व्हिसा फी (२०२५ मध्ये ५२४ पाउंड) आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, जो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पाउंड आहे. एका वर्षाच्या एमएला व्हिसा वर्षापेक्षा चार महिने जास्त मिळतो म्हणून सरचार्ज दीड वर्षाचा धरतात, १,१६४ पाउंड, आणि तो एकरकमी आधीच भरायचा असतो. खूप घरांत ही रक्कम हिशोबात धरलेलीच नसते आणि ऐनवेळी धावपळ होते.

स्कॉलरशिपचं आधी बघा, अ‍ॅडमिशन झाल्यावर नाही. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो (२,८०० तास असा हिशोब करतात) आणि कोर्स झाल्यावर दोन वर्षं भारतात परत यायची अट आहे, अर्ज साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात म्हणजे कोर्सच्या वर्षभर आधी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला विद्यापीठाच्या क्यूएस रँकिंगची (जगातल्या विद्यापीठांची क्रमवार यादी) अट असते, त्यामुळे विद्यापीठ निवडतानाच ती यादी बाजूला ठेवा. मराठा-कुणबी समाजातल्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची योजना आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट मुंबईतूनच चालतं, ते लोन स्कॉलरशिप देतं, सगळ्या विषयांना. चौकशी करा, मीडियावाल्यांना कोण देणार असं म्हणून बसू नका.

बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर बाहेर पैसे पाठवताना टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) लागत नाही, स्वतःचे पैसे असतील तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची), तो रिटर्न भरताना क्रेडिट मिळतो, त्यामुळे पावत्या जपून ठेवा.

पायरी ३: अर्ज

एमएसाठी यूकॅस (बीएच्या प्रवेशाचं सामाईक पोर्टल) लागत नाही, प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर थेट अर्ज करायचा. गुणपत्रिका, सीव्ही, दोन शिफारसपत्रं, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन) आणि इंग्रजीचा पुरावा. मीडियाच्या कोर्सेसना आयईएलटीएस बहुतेक ६.५ ते ७ मागतात, जर्नलिझमला कधी त्याहून जास्त. काही विद्यापीठं बारावीचे इंग्रजीचे मार्क धरतात, ईमेल टाकून विचारा, परीक्षेचे पैसे वाचू शकतात.

एसओपीबद्दल थोडं नीट सांगते कारण इथे खूप सारखं-सारखं लिहिलं जातं. "मला लहानपणापासून मीडियाची आवड होती" हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न लिहा. समजा तुम्ही सातारा किंवा बीडच्या स्थानिक पत्रकारांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातम्या चालवताना पाहिलंय, तर तो कारभार कसा चालतो, जाहिरात कोण देतं, बातमी कोण थांबवतं, यातलं तुम्हाला काय समजून घ्यायचंय ते लिहा, आणि मग त्या कोर्समधलं कुठलं मॉड्यूल आणि तिथल्या कुणाचं संशोधन त्याला जवळचं आहे ते. असा अर्ज वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो कारण तो फक्त तुम्हीच लिहू शकता.

पायरी ४: व्हिसा

ऑफर पक्की झाली, डिपॉझिट भरलं की विद्यापीठ सीएएस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा दाखला देतं, तो मिळाल्यावर व्हिसाचा अर्ज. तीन गोष्टी आधीच उरकून ठेवा. पहिली, टीबीची तपासणी, ती मान्यताप्राप्त सेंटरमध्येच करावी लागते आणि सर्टिफिकेट सहा महिने चालतं. दुसरी, पैसे सलग २८ दिवस खात्यात असले पाहिजेत, एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी परत पहिल्यापासून, आणि स्टेटमेंट अर्जाच्या दिवशी ३१ दिवसांपेक्षा जुनं नको. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं, आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतीपत्र. काकांच्या, मामांच्या खात्यातले पैसे दाखवता येत नाहीत, पीएफ आणि शेअर्सही नाहीत. तिसरी, पासपोर्ट आणि सीएएसवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का, आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं-जातं त्याने अडतं.

आणि लग्न झालेलं असेल तर, जानेवारी २०२४ पासून साध्या एमएवर जोडीदाराला किंवा मुलांना डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. घरी हे आधी बोला.

पायरी ५: राहणं आणि पहिले आठवडे

पहिल्या वर्षी विद्यापीठाचं हॉस्टेलच घ्या, प्रायव्हेट घराला यूकेतला गॅरेंटर (भाडं थकलं तर भरायची हमी देणारा) मागतात आणि तो नसला तर घर मिळणं अवघड जातं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) माफ आहे, त्याचं पत्र विद्यापीठ देतं. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, लगेच नाव नोंदवा, सरचार्ज भरलाय तो वापरा. रेल्वेचं १६-२५ रेलकार्ड काढा, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, वय जास्त असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळतं.

मीडियाच्या विद्यार्थ्यांसाठी खास: रूममध्ये लॅपटॉपवर कुठलाही लाइव्ह टीव्ही किंवा बीबीसी आयप्लेअर बघायचा तर टीव्ही लायसन्स लागतं, वर्षाला १७४.५० पाउंड (२०२५ चा दर), नसताना सापडलात तर दंड १,००० पाउंडांपर्यंत. अभ्यासासाठी त्याची गरज नाही, कारण बॉक्स ऑफ ब्रॉडकास्ट्स नावाचा प्रचंड संग्रह बहुतेक विद्यापीठांत मोफत मिळतो, जुने-नवे टीव्ही-रेडिओचे कार्यक्रम, ट्रान्सक्रिप्टसकट. हा संग्रह यूकेच्या बाहेरून उघडत नाही. म्हणजे डिसर्टेशनसाठी त्यातलं काही लागणार असेल तर सुट्टीत घरी येण्याआधी बघून, नोट्स काढून ठेवा.

पायरी ६: सेमिनारमध्ये बोलायचं कसं

लेक्चर आठवड्याला मोजकी असतात आणि पहिल्यांदा वाटतं की एवढी फी भरून एवढंच शिकवतात? पण प्रत्येक सेमिनारला तीन-चार लेख वाचून जायचं असतं, एक लेख पंचवीस-तीस पानांचा, भाषा जड, त्यात आठवडा जातो. माझी पद्धत सांगते: आधी सारांश, मग शेवटचा भाग, मग सुरुवात, आणि मग मधलं. प्रत्येक लेखाच्या तीन ओळी लिहायच्या: हा माणूस काय म्हणतोय, कोणाच्या विरुद्ध म्हणतोय, आणि माझ्या ओळखीच्या जगात हे लागू होतं का. तिसरी ओळ सेमिनारमध्ये बोलायला सोनं आहे. प्राध्यापकांना नावाने हाक मारतात, सर-मॅडम नाही, थोडे दिवस जीभ वळत नाही पण वळते.

बोलण्याची भीती बहुतेक आपल्या सगळ्यांना वाटते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना, आणि ती इंग्रजीची कमी आणि "माझं उदाहरण यांना काय कळणार" याची जास्त असते. तेच उदाहरण द्या. वर्गात चर्चा सार्वजनिक चर्चेच्या जागेवर चालली असेल, अठराव्या शतकातली लंडनची कॉफीहाउसं येतात, हाबरमास हा जर्मन विचारवंत येतो, मग १९९० मध्ये नॅन्सी फ्रेझर या अमेरिकन विचारवंतीने घेतलेले आक्षेप येतात की ज्यांना त्या जागेत प्रवेशच नव्हता त्यांनी स्वतःची वेगळी जागा उभी केली. आता यासाठी ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या बाबासाहेबांच्या 'मूकनायक'पेक्षा चांगलं उदाहरण कुठलं? दोन वाक्यांत सांगा, कोण होते, पेपर का काढावा लागला, वाचणारे कोण. वर्गातल्या चिनी, नायजेरियन, ब्रिटिश मुलामुलींना हे कोणीच आधी सांगितलेलं नसतं, प्राध्यापक पण वही काढतात.

पायरी ७: निबंध, आणि ५८ मार्कांचा धक्का

तिथे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. ७० च्या वर मिळणं अवघड, ८० क्वचितच. आपल्याकडून ८०-८५ टक्केवाली मुलं जातात आणि पहिल्या निबंधाला ५८ येतात, घरी फोन करून रडतात. ५८ म्हणजे नापास नाही, वाईटही नाही. फीडबॅकमध्ये बहुतेक एकच तक्रार असते, की हे वर्णनात्मक आहे. म्हणजे काय, तर आपल्याला सवय असते विषयाची माहिती क्रमाने द्यायची: व्याख्या, इतिहास, फायदे, तोटे, निष्कर्ष. तिथे पहिल्या परिच्छेदातच लागतं की मी अमुक म्हणणार आहे, आणि बाकी सगळा निबंध ते सिद्ध करायला.

उदाहरण देते. विषय प्रेक्षकांचा आहे, हॉल यांची १९७३ ची मांडणी वापरायचीये, की बनवणाऱ्याने एक अर्थ घालून कार्यक्रम पाठवला तरी बघणारा तो जसाच्या तसा स्वीकारेल, थोडा वाटाघाटीने घेईल किंवा पूर्ण उलट वाचेल. वर्णनात्मक निबंध या तीन प्रकारांच्या व्याख्या देतो आणि प्रत्येकाचं एक उदाहरण देतो. चांगला निबंध म्हणेल: मराठी कौटुंबिक मालिका घरात एकटं कोणी बघत नाही, सासू-सून-नात एकत्र बघतात आणि बघतानाच मोठ्याने शेरे मारतात, त्यामुळे अर्थ एका डोक्यात ठरत नाही तर खोलीत ठरतो, आणि तीन प्रकारांची चौकट इथे अपुरी पडते. बघा, आता यात मत आहे, ते खोडताही येईल, आणि पुरावा काय द्यायचा ते पण स्पष्ट झालं.

बाकीचं पटापट: रेफरन्सिंग, म्हणजे संदर्भांच्या नोंदी, पहिल्या दिवसापासून झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये, शेवटच्या रात्री नाही. टर्निटिनला (नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर) घाबरू नका, पण दुसऱ्याचं वाक्य दोन शब्द बदलून वापरणं ही तिथे चोरीच धरतात. एआय टूल वापरण्याबद्दल प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा नियम असू शकतो, हँडबुक वाचा. ट्यूटरच्या ऑफिस अवर्सना जा, निबंधाचा आराखडा एका पानावर नेऊन दाखवा, ते नाही म्हणत नाहीत आणि ते फुकट आहे.

पायरी ८: काम, आणि फ्रीलान्सिंगचा मोठा धोका

स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, या आठवड्यात २५ आणि पुढच्या आठवड्यात १५ असं चालत नाही. आणि एमएवाल्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते, जून ते सप्टेंबर डिसर्टेशनचा काळ आहे आणि तो टर्मच धरला जातो, त्यामुळे तेव्हाही २० तासच. बीएच्या मित्राला पूर्णवेळ काम करता येतं म्हणून मलाही येईल असं समजू नका.

आता आपल्या क्षेत्रातला खास मुद्दा, जो मला वाटतं प्रत्येक ओरिएंटेशनमध्ये मोठ्याने सांगायला हवा. या व्हिसावर स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स काम करता येत नाही. म्हणजे भारतातल्या पोर्टलला लेखामागे पैसे घेऊन लिहिणं, कोणाच्या लग्नाचं शूट, यूट्यूब चॅनलचे जाहिरातीचे पैसे, ब्रँडची पेड रील, हे सगळं त्यात येऊ शकतं, पैसे भारतातल्या खात्यात आले तरी. मीडियावाल्यांचं पोट अशाच कामावर चालतं, म्हणून जास्त सांभाळा. जायच्या आधी चालू असलेली कामं बंद करा, चॅनलचं मॉनेटायझेशन थांबवा, आणि शंका असेल तर विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागाराला लेखी विचारा. बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा २० तासांत मोजली जाऊ शकते.

मग अनुभव कुठून? विद्यार्थ्यांचा पेपर, विद्यार्थ्यांचा रेडिओ, कोर्सचा भाग असलेली प्लेसमेंट, आणि विद्यापीठाच्याच कम्युनिकेशन विभागातल्या पगारी नोकऱ्या, सोशल मीडिया असिस्टंट, स्टुडंट अँबेसेडर वगैरे. यांच्या जाहिराती सप्टेंबरच्या शेवटीच निघतात, पोचलात की लगेच बघा.

पायरी ९: डिसर्टेशन

१८० क्रेडिटपैकी बऱ्याच ठिकाणी ६० क्रेडिट याचेच असतात, १२ ते १५ हजार शब्द. विषय फेब्रुवारीतच नक्की करा. आणि इथे परत माझं तेच म्हणणं, मराठी साहित्य हाताशी असताना नेटफ्लिक्स किंवा ट्रम्पच्या ट्वीट्सवर हजारावा प्रबंध लिहू नका.

काही कल्पना देते, हव्या तर घ्या. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स आहेत, त्यात मुंबई सरकारने देशी वृत्तपत्रांवर पाळत ठेवून इंग्रजीत काढलेले गोषवारे आहेत. सरकारी अनुवादकाने 'केसरी'तलं काय उचललं आणि काय सोडलं हे मूळ मराठी वाचू शकणारा माणूसच तपासू शकतो, आणि टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात तर अनुवादावरच वाद झाला होता. रीडर पास मोफत मिळतो, पण २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिथल्या ऑनलाइन सेवा हळूहळू परत आल्यात म्हणून जायच्या आधी चौकशी करा. दुसरं, बीबीसीची मराठी रेडिओ सेवा दुसऱ्या महायुद्धात सुरू झाली, १९५८ मध्ये बंद झाली आणि २०१७ मध्ये बीबीसी मराठी डिजिटल रूपात आली, यावर अजून खूप लिहिता येईल. बीबीसीचं लेखी अभिलेखागार रेडिंगजवळ कॅव्हरशमला आहे, आधी परवानगी घ्यावी लागते आणि सगळ्या फाइल खुल्या नसतात, म्हणून मार्चमध्येच ईमेल करा. तिसरं, १९७५-७६ चा भारतातला 'साइट' (SITE) हा प्रयोग, सहा राज्यांतल्या २,४०० गावांत सॅटेलाइटवरून टीव्ही, विकास आणि संवाद शिकवताना तो तिथे हमखास येतो.

मुलाखती घ्यायच्या असतील तर एथिक्सची मंजुरी आधी, म्हणजे संशोधन नैतिक नियमांत बसतं अशी विद्यापीठाची परवानगी. मंजुरीपूर्वी घेतलेली मुलाखत वापरता येत नाही, कितीही चांगली असली तरी. अर्ज एप्रिलमध्ये टाका, संमतीपत्र मराठीतही तयार करा कारण गावातल्या वार्ताहराला इंग्रजी फॉर्मवर सही करायला लावणं बरोबर नाही. एका तासाची मराठी मुलाखत लिहून काढायला पाच-सहा तास जातात आणि मग निवडक भागाचं भाषांतर, त्यामुळे आठ-दहा मुलाखती पुरे. भाषांतर तुम्ही स्वतः केलंय आणि कसं केलंय हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा, परीक्षक ते बघतात. सुपरवायझरच्या भेटी मोजक्याच असतात, ऑगस्टमध्ये बरेच जण रजेवर जातात, म्हणून मसुद्यातलं एक प्रकरण जुलैमध्येच द्या.

पायरी १०: पुढचा व्हिसा

कोर्सनंतर यूकेत राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ च्या आधी अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांचा, पण त्या तारखेपासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिन्यांचाच. अर्ज यूकेत असतानाच, स्टुडंट व्हिसा संपण्याआधी, आणि विद्यापीठाने तुमचा कोर्स पूर्ण झाल्याचं यूकेच्या गृहखात्याला कळवल्यानंतरच करायचा. रिझल्ट साधारण नोव्हेंबरच्या आसपास लागतो, म्हणून सप्टेंबरमध्ये सबमिशन करून दिवाळीला घरी येणार असाल तर परतीचं तिकीट आधीच काढा, व्हिसाची शेवटची तारीख बघून. फी २०२५ मध्ये ८८० पाउंड आणि हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५, म्हणजे दोन वर्षांचे मिळून तीन हजारांच्या जवळपास, हे पैसे डिसर्टेशनच्या काळातच बाजूला काढा. या व्हिसावर फ्रीलान्स करता येतं, म्हणून बंद ठेवलेलं चॅनल आणि लेखन तेव्हा सुरू करा. त्यापुढे नोकरीवर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाला जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पाउंड आहे, नुकतंच शिक्षण संपवून नोकरीला लागणाऱ्यांना (न्यू एंट्रंट) ३३,४००, आणि मीडियातल्या सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा याच्या खालीच असतात. त्यामुळे कर्ज फेडण्याचा हिशोब यूकेच्या पगारावर बांधू नका, भारतातल्या पगारावर बांधा, आणि स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणसाला या व्हिसावर नोकरी द्यायचा परवाना) असलेल्या कंपन्यांची यादी गृहखात्याच्या साइटवर मोफत मिळते, अर्ज करण्याआधी प्रत्येक कंपनी त्यात शोधून बघा.